हाडांची साक्ष आणि जातीचा खटला

हरियाणातील हिसार जिल्ह्यात राखीगढी नावाचे गाव आहे. सिंधू संस्कृतीच्या सर्वांत मोठ्या नगरांपैकी एक नगर या गावाखाली गाडले गेलेले आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पथकाने तेथील दफनभूमी खणली, तेव्हा सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी मातीआड झालेली माणसे हाती लागली. त्यांतील एका बाईच्या हाडातून मिळालेल्या डीएनएचा अहवाल सप्टेंबर २०१९ मध्ये 'सेल' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या बाईचे नाव कुणाला ठाऊक नाही. ती कोणती भाषा बोलत होती, कोणता देव मानत होती की मानतच नव्हती, हेही ठाऊक नाही. पण तेव्हापासून या देशातील दोन परस्परविरोधी गट तिला आपापल्या बाजूची साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभी करीत आहेत. एक म्हणतो, आर्य बाहेरून आलेच नाहीत हे तिने सिद्ध केले. दुसरा म्हणतो, ब्राह्मण परके आणि आम्ही मूळचे, हे तिने सिद्ध केले. ती बाई प्रत्यक्षात काय सांगून गेली, हे मात्र फार थोड्यांनी ऐकून घेतले. आंबेडकरी चळवळीने ते नीट ऐकले पाहिजे. कारण या साक्षीत आपल्या कामाचे जे आहे, ते दोन्हीकडच्या गलबल्यात हरवते आहे.

आधी अशी साक्ष मिळते कशी, ते पाहू. माणूस असो की जनावर, जिवंत शरीरात डीएनएची दुरुस्ती सतत चालू असते. जीव गेला की ती थांबते. लांबलचक साखळीचे बारीक तुकडे पडतात, तुकड्यांची टोके झिजतात आणि टोकाकडची काही रासायनिक अक्षरे बदलून भलतीच वाचली जातात. त्यात मातीतील जिवाणूंचा डीएनए मिसळतो. हाड हाताळणाऱ्या माणसाचा घाम, थुंकी, केस यांतून आजचा डीएनए मिसळतो. म्हणून हे काम बंदिस्त, निर्जंतुक खोलीत, अंगभर पोशाख घालून करावे लागते. झिजलेली टोके ही अडचण खरी, पण तीच जुनेपणाची खूणही ठरते. ज्या नमुन्यातील तुकड्यांवर अशी झीज दिसतच नाही, तो डीएनए मेलेल्याचा नसून हाताळणाऱ्याचा असल्याची शंका येते.

हे शास्त्र तसे तरुण आहे. १९८४ मध्ये क्वाग्गा या दक्षिण आफ्रिकेतील नामशेष झालेल्या, झेब्र्यासारख्या प्राण्याच्या संग्रहालयात ठेवलेल्या कातडीतून असा डीएनए पहिल्यांदा वाचला गेला. १९८५ मध्ये स्वांते पाबो या तरुण संशोधकाने इजिप्तच्या ममीतून डीएनए मिळाल्याचे जाहीर केले. जगभर गाजावाजा झाला. पुढे लक्षात आले की तो बहुतेक आजच्याच माणसाचा मिसळलेला डीएनए होता. पाबोने चूक मान्य केली, चूक टाळण्याच्या कडक पद्धती उभारण्यात आयुष्य घातले आणि २०१० मध्ये निअँडरथल मानवाचा जनुकीय आराखडा जगापुढे ठेवला. २०२२ चे नोबेल पारितोषिक त्यालाच मिळाले. स्वतःची चूक कबूल करून पुढे जाणारे शास्त्र आणि चूक झालीच नाही म्हणून हजारो वर्षे पोथी कवटाळणारे शास्त्र, यांतील फरक आपल्या वाचकांना वेगळा सांगायला नको.

आपल्या देशात हे काम आणखी अवघड आहे. ऊन आणि दमट हवा डीएनए खाऊन टाकतात. राखीगढीत ६१ नमुने तपासले गेले, त्यांतील एकाच बाईच्या नमुन्याने दाद दिली. कानाच्या आतील भागाला वेढणारे, शरीरातील सर्वांत टणक हाड अशा कामी येते. त्यातूनही शंभरावर वेळा प्रयत्न केल्यावर तिचा अर्धामुर्धा आराखडा जुळला. म्हणजे एवढा मोठा वाद एका बाईच्या हाडाच्या चिमूटभर भुकटीवर उभा आहे. ज्याला यातून इतिहास सांगायचा आहे, त्याने आधी हे भान ठेवले पाहिजे.

ती बाई काय सांगते? तिच्यात दोन धारा मिसळलेल्या होत्या. एक धारा दक्षिण आशियात फार प्राचीन काळापासून राहणाऱ्या शिकारी माणसांची, ज्यांचे दूरचे नाते आजच्या अंदमानी लोकांशी लागते. दुसरी धारा इराणकडच्या प्राचीन लोकांशी नाते असलेली. पण ही शाखा इराणच्या शेतकऱ्यांपासून शेती सुरू होण्यापूर्वीच, १२ हजार वर्षांहूनही आधी, वेगळी झालेली होती. युरोप आणि मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश मात्र तिच्यात नव्हता.

त्याच महिन्यात 'सायन्स' या नियतकालिकात दुसरा अहवाल आला. त्यात मध्य आणि दक्षिण आशियातील ५२३ प्राचीन माणसांचे नवे नमुने होते. त्यातून दिसले की गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश इसवी सनापूर्वी २००० ते १५०० या काळात, म्हणजे सिंधू नगरांच्या ऱ्हासानंतर, दक्षिण आशियात आला. आजच्या भारतीयांत तो कमी-अधिक प्रमाणात पसरलेला आहे, कुठे नाममात्र, तर कुठे सुमारे ३० टक्क्यांपर्यंत. ज्या समूहांत तो अपेक्षेपेक्षा जास्त आढळला, त्यांत पौरोहित्याची आणि संस्कृत ग्रंथ सांभाळण्याची परंपरा सांगणारे ब्राह्मण व भूमिहार समूह ठळक होते. आजच्या लोकसंख्येत हा अंश स्त्रियांपेक्षा पुरुषांच्या वाटेने जास्त उतरलेला आहे. राखीगढीच्या अहवालाचे प्रमुख वसंत शिंदे आणि नीरज राय यांची नावे या दुसऱ्या अहवालाच्या लेखकांतही आहेत.

आणि तरीही सप्टेंबर २०१९ मध्येच दिल्लीत पत्रकार परिषद घेऊन सांगितले गेले की आर्य बाहेरून आल्याचा सिद्धांत आता निकालात निघाला! अहवालात एक आणि माईकपुढे दुसरेच. ज्या बाईच्या मृत्यूनंतर शतके लोटल्यावर एक लोकसमूह आला, त्या समूहाचा अंश तिच्यात नाही, यात नवल ते काय? पेशवाईच्या आधी मेलेल्या माणसाने पेशवाई पाहिली नाही, म्हणून पेशवाई झालीच नाही, असे म्हणण्यासारखे हे आहे. २०२४ मध्ये एनसीईआरटीने बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकात राखीगढीच्या डीएनएचा दाखला देत हडप्पापासून आजपर्यंतच्या ५००० वर्षांच्या अखंड परंपरेचा मजकूर घातला. एका बाईच्या हाडावर रचलेला अर्धा निष्कर्ष असा शाळेच्या दप्तरात जाऊन बसतो.

हा खटाटोप कशासाठी, हेही समजून घ्या. १९०३ मध्ये टिळकांनी आर्यांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ असल्याचे इंग्रजी ग्रंथ लिहून मांडले. त्या काळात परदेशी मूळ सांगण्यात अभिमान होता, कारण राज्य करणाऱ्या गोऱ्या साहेबाशी त्यातून नाते जुळत होते. पुढे गोळवलकरांची पंचाईत झाली. हिंदू हेच इथले मूळचे म्हणायचे, तर टिळकांचे काय करायचे? मग त्यांनी १९३९ मध्ये तोडगा काढला की उत्तर ध्रुवच तेव्हा आजच्या बिहार-ओरिसाच्या भागात होता! माणसे हलली हे मान्य करण्यापेक्षा ध्रुव हलवणे त्यांना सोपे वाटले. ज्यांना मुसलमानांना आणि ख्रिस्ती बांधवांना परके ठरवायचे आहे, त्यांना स्वतःच्या पूर्वजांचा प्रवास कबूल करणे परवडत नाही. राखीगढीच्या बाईला वेठीला धरण्याचे कारण हे आहे.

येथपर्यंत आपले वाचक माना डोलावतील. पुढचे बोलणे मात्र घरातले आहे आणि ते कडू आहे.

२००१ मध्ये मायकेल बामशाद या अमेरिकी संशोधकाचा अहवाल आला. आंध्र प्रदेशातील मोजक्या जातींच्या, जिवंत माणसांच्या रक्तावर तो आधारलेला होता. उच्च जातींचे पुरुषांकडून आलेले वंशसूत्र युरोपीय लोकांना अधिक जवळचे आहे, असे त्यात म्हटले होते. वृत्तपत्रांत त्याचा बोलबाला झाला आणि आपल्या काही मंडळींना जणू खजिना सापडला. गावोगावच्या मेळाव्यांत, कॅडर कॅम्पात, पुस्तिकांत सांगितले जाऊ लागले की डीएनएने ब्राह्मणांना परके ठरवले, आता प्रश्न मिटला. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त बळीराजाची आणि बाहेरून आलेल्या आर्यभटांची मांडणी केली, तिला विज्ञानाचा शिक्का मिळाला, असे अनेकांना मनापासून वाटले. या भावनेची आम्ही थट्टा करणार नाही. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवले, त्याला 'हा गाव मुळात तुझाच' असे कुणी सांगितले तर त्याची मान ताठ होते. फुल्यांनी बळीराजा उभा केला तोही शूद्रातिशूद्रांची मान ताठ करण्यासाठीच. ते गुलामगिरीविरुद्धचे हत्यार होते आणि त्या काळात ते धारदार होते.

पण हाडांची पूर्ण साक्ष ऐका. या उपखंडात शुद्ध रक्ताचे कुणी नाही. ब्राह्मणाच्या अंगात तीच प्राचीन शिकारी माणसांची धारा आहे, जी दलिताच्या आणि आदिवासीच्या अंगात आहे. तशीच दलिताच्या अंगातही इराणकडच्या प्राचीन लोकांशी नाते सांगणारी धारा आहे आणि अनेकांच्या अंगात गवताळ प्रदेशाकडचा अंशही आहे. दक्षिणेतील काही आदिवासी समूहांत हा शेवटचा अंश नगण्य आहे, एवढेच. प्रमाण वेगळे, मिश्रण सर्वांचे. आणि जी सर्वांत जुनी धारा म्हणतो, तीही हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून चालत आलेल्या माणसांचीच आहे. फार काय, ज्या गायीच्या नावाने या देशात माणसे मारली जातात, तिचीही गोष्ट वेगळी नाही. पश्चिम आशियातील प्राचीन गुरांच्या हाडांतून दिसते की सुमारे ४२०० वर्षांपूर्वीपासून सिंधूकडच्या वशिंडवाल्या वळूंचे रक्त तिकडच्या गुरांत मिसळले. जनावरेही सीमा पाळत नव्हती. मग टक्क्यांच्या हिशेबाने देशाचा मालक ठरवायचा म्हटले, तर आपल्यातील कुणाला किती टक्के नागरिकत्व द्यायचे? रक्त तपासून माणसाची पायरी ठरवणे हा मनूचा धंदा आहे. तो उलटा करून चालवला तरी धंदा तोच राहतो.

बाबासाहेबांनी हे सर्व आधीच सांगून ठेवले आहे आणि आपण ते सोयीस्करपणे विसरलो आहोत. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त त्यांनी स्पष्ट केले की जात ही वंशाची विभागणी नाही. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत. १९४६ मध्ये 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात, जो त्यांनी महात्मा फुल्यांनाच अर्पण केला, त्यांनी आर्य वंशाचा सिद्धांत खोडून काढला. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी नाकाच्या मोजमापाचे आकडे तपासून ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत, असा निष्कर्ष काढला. गुरू मानलेल्या फुल्यांशीही पुराव्यापुढे मतभेद मांडण्याची ही हिंमत होती. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. आर्य बाहेरून आले हे बाबासाहेबांना वेदांच्या आधारे पटले नव्हते. त्यांच्या काळात हाडांतील डीएनए वाचता येत नव्हता. आज स्थलांतराचा पुरावा समोर आहे. तो मान्य करण्याने बाबासाहेब लहान होत नाहीत. ऐकीव म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका, तपासून पाहा, असे सांगणाऱ्या तथागताच्या वाटेने ते गेले होते. आणि जात म्हणजे वंश नव्हे, हा त्यांचा मुख्य मुद्दा नव्या पुराव्याने ढासळत नाही, पक्का होतो.

मग जात आली कुठून? उत्तरासाठी आणखी मागे जावे लागेल. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. रिस्ले यांच्यासारखे मोठमोठे विद्वान तेव्हा नाके मोजून जातीचे मूळ वंशात शोधत होते. या तरुणाने सांगितले की जातीचे मर्म एकाच गोष्टीत आहे आणि ती म्हणजे जातीच्या आतच लग्न. आधीच मिसळलेल्या, गोत्राबाहेर लग्न करण्याची चाल असलेल्या समाजावर बेटीबंदी लादली गेली आणि त्यातून जात जन्माला आली. ही बेटीबंदी टिकवण्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांची योजना झाली. जातीचे कुंपण स्त्रीच्या देहावर उभे आहे, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले.

आता शंभर वर्षांनंतरचे शास्त्र पाहा. प्राचीन हाडांनी काय मिसळले ते सांगितले. मिसळणे थांबले कधी, हे जिवंत माणसांच्या रक्तातून कळले. हैदराबादच्या सीसीएमबीचे संशोधक आणि हार्वर्डमधील डेव्हिड राईक यांच्या गटाने २०१३ मध्ये ७३ समूहांचा अभ्यास मांडला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशात सर्व थरांत मिश्रण चालू होते, मग ते आटले. २०१६ मध्ये कल्याणीच्या राष्ट्रीय संस्थेतील संशोधकांनी दुसऱ्या पद्धतीने गणित मांडले. त्यांच्या मते अनेक उच्च जातींत सुमारे ७० पिढ्यांपूर्वी मिश्रण एकाएकी थांबले. हा काळ गुप्त राजवटीच्या आसपास येतो. बाबासाहेबांनी ग्रंथांच्या आणि चिनी प्रवाशांच्या वर्णनांच्या आधारे अस्पृश्यतेच्या जन्माचा काळ इसवी सन ४०० च्या सुमारास ठरवला होता. अस्पृश्यता आणि बेटीबंदी या एकच गोष्टी नव्हेत आणि पिढ्यांचे हिशेब शतकभर इकडेतिकडे सरकू शकतात. म्हणून कार्यकर्त्यांनी हा मेळ जपूनच मांडावा. पण दिशा स्पष्ट आहे. एकेकाळी हा समाज मिसळत होता आणि कुणीतरी तो मिसळू नये अशी व्यवस्था केली. जात निसर्गातून आली नाही, माणसाने घडवली. जे माणसाने घडवले, ते माणसाला मोडता येते. हाडांच्या साक्षीतून चळवळीने हे एवढे वाक्य उचलले तरी पुरे आहे.

या कुंपणाची किंमत कुणी मोजली? आपण मोजली, हे उघड आहे. पण कुंपण बांधणाऱ्यांनीही मोजली. सीसीएमबीचे के. थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक समूह तपासले. त्यांतील ८१ समूह इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढलेले आणि इतके आतल्या आत लग्ने करणारे निघाले की दडून राहणारे आनुवंशिक आजार त्यांच्यात डोके वर काढण्याचा धोका मोठा आहे. आंध्रातील वैश्य समाजात शस्त्रक्रियेपूर्वी स्नायू सैल करण्याचे एक औषध दिले, तर काही माणसांचे सैल पडलेले स्नायू लवकर पूर्ववत होत नाहीत, कारण ते औषध पचवणारा घटक त्यांच्या शरीरात कमी असतो. ज्या रक्ताच्या शुद्धतेचा तोरा मिरवला, तिनेच घात केला.

आपल्याकडे विदर्भात सिकलसेल आहे. त्याचे मूळ हिवतापाशी झगडण्यात आहे, जातीत नाही. पण वाहक मुलगा आणि वाहक मुलगी यांचे एकाच नात्यागोत्यात लग्न लागले की लेकराच्या वाट्याला आयुष्यभराच्या कळा येऊ शकतात. आदिवासी पाड्यांत आणि आपल्या बौद्ध वस्त्यांत ही दुःखे घरोघरी माहीत आहेत. लग्न ठरवताना दोघांची रक्ततपासणी झाली का, हे विचारायला आपण शिकले पाहिजे. पत्रिका पाहणे सोडले हे चांगलेच केले, आता हा कागद पाहायला हरकत काय?

आणि पोटजात पाहणे आपण खरोखर सोडले आहे का? १९५६ मध्ये बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. नाव बदलले, नमस्काराच्या जागी जयभीम आला. पण वधू-वर मेळाव्याच्या अर्जावर पोटजातीचा रकाना अजून कोण भरतो? बावणे आणि लाडवण यांच्यात सोयरिक जुळवताना कपाळाला आठी कुणाच्या पडते? बौद्धाने मातंगाच्या किंवा चर्मकाराच्या घरी मुलगी देण्याची वेळ आली की समतेची भाषणे कुठे जातात? २०११-१२ च्या मानव विकास सर्वेक्षणात देशातील आंतरजातीय लग्नांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास निघाले. ब्राह्मणी व्यवस्थेने कुंपण घातले हे खरे. पण रोज सकाळी त्याची डागडुजी करणाऱ्या हातांत आपलेही हात आहेत. याच कुंपणापायी २०१३ मध्ये सोनईत तीन दलित तरुणांची निर्घृण हत्या झाली, हे विसरून चालणार नाही. कुंपण ओलांडणाऱ्या मुलामुलींच्या मागे उभे राहण्याची जबाबदारी सर्वांत आधी चळवळीची आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे. एक, पाठ्यपुस्तकांत अर्धवट डीएनए घुसडला जातो तेथे अहवाल हातात घेऊन जाब विचारा, घोषणा देऊन नव्हे. आपल्या मुलामुलींनी आनुवंशिकी, पुरातत्त्व, संख्याशास्त्र शिकावे, म्हणजे हाडे कुणी वाचायची आणि अर्थ कुणी लावायचा हा मक्ता एकाच वर्गाकडे राहणार नाही. दोन, 'ब्राह्मण परके' हे वाक्य भाषणातून काढा. ब्राह्मण्याशी लढण्यासाठी त्याची गरज नाही. समतेचा आपला हक्क आपण इथे आधी आलो यावर उभा नाही, आपण माणूस आहोत यावर उभा आहे. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात वंश आणि जात हे दोन शब्द वेगवेगळे लिहिलेले आहेत आणि जन्मस्थानावरूनही भेद करू नये असे तेथेच म्हटले आहे. ते उगीच लिहिलेले नाही. तीन, १९१६ चा निबंध पुन्हा वाचा, वस्तीवस्तीत वाचून दाखवा आणि त्याचा प्रयोग आपल्या घरापासून सुरू करा.

राखीगढीच्या त्या बाईला जात नव्हती असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. तिच्या नगरात उच्चनीच होते की नव्हते, हे हाड सांगत नाही. पण तिच्या कानामागच्या हाडात दोन दूरदूरच्या लोकांचे रक्त एकत्र नांदत होते, एवढे मात्र ते नक्की सांगते. तिचे आईबाप, आजेपणजे कधीतरी कुणाचा तरी उंबरा ओलांडून एकत्र आले होते. साडेचार हजार वर्षांनंतर तिच्या नावाने भांडणाऱ्या आपल्या देशात तो उंबरा ओलांडणाऱ्याला आजही जीव मुठीत धरून जगावे लागते. हा खटला हाडांनी निकालात निघणार नाही. तो आपल्यालाच चालवायचा आहे.